पोटात पाय

हॅलिफॅक्सला आमच्या मागच्या अंगणात
काळ्या दगडांची भिंत आहे, कमरेएवढी.
निहार सात वर्षांचा असताना
शाळेआधी तिथे उकिडवा बसायचा,
बुटांच्या लेस सुटलेल्या, आणि गोगलगाई मोजायचा.
वहीत आकडे. शेजारी कधी कधी शेरा:
'शंख फुटका', 'कालचीच', 'ही रागावलीय'.
का मोजतोस, विचारलं
तर असं बघायचा
जणू मी विचारलंय, भूक का लागते.

मग मिसेस अ‍ॅकरॉइडनी वही पाहिली.
असेंब्लीत टाळ्या, सोनेरी स्टिकर.
बाबा खुशीत म्हणाला, दर गोगलगाईमागे पाच पेन्स.
फ्रिजवर तक्ता लागला.
मीच लावला. पट्टीने रेघा आखून.

पहिल्या आठवड्यात एकतीस. दुसऱ्यात अठ्ठ्याऐंशी.
तिसऱ्यात आइस्क्रीमच्या डब्यात सापडल्या,
शेजारच्या बागेतून भरून आणलेल्या, वर झाकण.
वहीत आता नुसते आकडे.
रागावलेली एकही नाही.
मेमध्ये त्याने विचारलं, 'दहा पेन्स देणार?'
बाबा नाही म्हणाला
आणि वही सोफ्याखाली गेली.

मी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये रात्रपाळी करते.
रक्ताच्या काचपट्ट्या, तासाचा दर, बँक हॉलिडेला दीडपट.
दीडपट मला हवाच असतो, खोटं कशाला बोलू.
पण एकदा पहाटे चारला, रिपोर्ट पाठवून झाल्यावर,
एक पेशी नुसती बघत बसले.
जांभळी, कडेला दुमडलेली,
कुणी पानाला खूण करून ठेवावी तशी.
कुणी मागितली नव्हती. कुठे नोंदवायची नव्हती.
चहा गार झाला.

घरी आल्यावर तक्ता काढला. चुंबक तेवढा राहिला.
मला वाटलं, आता लगेच काही होईल.
अख्खा उन्हाळा गेला, काही झालं नाही.

ऑक्टोबरात, कामावर निघताना,
मागच्या काचेतून टॉर्चचा उजेड दिसला.
ओल्या भिंतीशी निहार, पायजम्यावर कोट,
नाक दगडाला टेकेल इतका जवळ.
'आई, हिला पायच नाहीत. मग चालते कशी?'

जिभेवर ती म्हण आली,
लबाड माणसांना लावतात ती.
'पोटात असतात,' मी म्हटलं.
तो हसला नाही. मान हलवली,
उत्तर तपासून बरोबर निघाल्यासारखी.

किती झाल्या, हे ओठांपर्यंत आलं होतं.
बस चुकत होती.
मी दार ओढून घेतलं,
कडीचा आवाज होणार नाही असं.