अंतूरच्या आधी

कन्नडला, रेवणच्या आडतीत,
सरकीच्या पोत्यांवर नकाशा पसरलाय.
पहिला मुक्काम अंतूरच्या टाक्याजवळ.
"पाणी असन का तिथं?"
"मार्गशीर्षात होतं," म्हणतो अन्वर,
कोणत्या सालच्या, ते सांगत नाही.

सॅक वजनकाट्यावर : सतरा किलो तीनशे.
दुसरा टॉवेल काढला, जादा खुंट्या,
कांदे, माझी जाड वही.
चौदा.
पाण्याच्या कॅनला मात्र कुणी हात लावत नाही;
आपल्याकडं ते वजनात धरत नाहीत.

दुसऱ्या मुक्कामावर बोट ठेवलं
तर तिथं नकाशाची घडी,
इतक्या वेळा उघडून मिटलेली
की डोंगरच झिजून गेलाय.

रेवण पेन्सिलीनं भोवती गोल काढतो.
"हितं गेल्यावर बघू,"
आणि काटा शून्यावर आणतो.