पाव आटा

दुकानदार म्हणाला, पाच नंबरचा न्या मिस्त्री,
एकदाचं होऊन जाईल काय ते.
रविवार कारंजावर दांडगा माल खपवायची सगळ्यांनाच घाई.
मी विचारतो ते तो विचारत नाही:
दार केवढं, वजन किती, वारा कुठून,
आणि ढकलणारं माणूस कितवीत आहे.

पंचवटीतली कर्णबधिर मुलांची शाळा.
दार तीन फुटी, फ्लशचं. ढकलणारी दुसरीतली.
गोदेवरनं निघालेला वारा व्हरांड्यात शिरतो
आणि दाराला धरून आपटतो.
दार आधी करकरतं, मग आपटतं.
बोट काढून घ्यायला आपल्याला
त्या करकरीएवढा वेळ मिळतो.
इथं मिळत नाही.
दिवाळीआधी एका पोराचं नख गेलं.

म्हणून दोन नंबरचा घेतला,
लागलाच तर तीनवर चढणारा.

वरची पट्टी ठोकून पाहिली. भरीव वाजली.
पोकळ असती तर स्क्रूनं काय हवेला धरायचं?
कागदी साचा चिकटवला,
बिजागरीपासून माप दोनदा घेतलं,
धड दारावर, कोपरात दुमडणारा हात चौकटीवर.

आता उरले बाजूचे दोन स्क्रू.
एक चालीचा, एक शेवटच्या वीतभराचा.
लहानू तांबट शिकवायचे:
एका वेळी पाव आटा, जास्त नाही.
पुरता उघडलास तर तेल गळेल,
मग ते दार कुणाचंच ऐकायचं नाही.

शेवटची वीत मी कानानं लावतो, डोळे मिटून.
धाड नको, टिक हवं.
डोळे उघडले तर निशिगंधा चौकटीला तळवा लावून उभी.
मान हलवली, नाही.
मुठीनं तळहातावर मारून दाखवलं,
अजून एवढं लागतंय.

पाव आटा आवळला.
दार बोटभर उघडंच थांबलं, पाहुण्यासारखं अवघडून.
ती हसली. मीही.
अर्धा पाव सैल.

दार आलं, मंदावलं, बसलं.
मला टिक ऐकू आलं.
तिनं माझ्या मनगटावर
एका बोटाच्या टोकानं एकदाच टेकवलं:
एवढं.

कल्याणकरबाईंना सांगितलं,
नाशकाच्या थंडीत तेल जडावतं,
डिसेंबरात दार रेंगाळेल, फोन करा.
स्क्रूजवळ पेन्सिलीनं रेघ मारून ठेवली आहे.
हिला विचारल्याशिवाय कुणी फिरवू नका.