उंबरठ्यापासून सुईपर्यंत

पहिलं वर्षभर आम्ही फक्त मोजलं.
स्ट्रेचर दारातून आत आलं की एडेलमिरा
हाताच्या पाठीवर बॉलपेननं वेळ लिहायची,
सुई टोचली की दुसरी वेळ, मनगटाजवळ.
मधली वजाबाकी
रात्री कुणी मोठ्यानं वाचत नसे.

एकशे अठरा मिनिटं. एकशे चार.
एकशे एक्केचाळीस —
त्या दिवशी लिफ्टची किल्ली
एका कोटाच्या खिशातून घरी गेली होती.
कोट माझा होता.

चिलोएत रस्ते पाण्यापाशी येऊन थांबतात.
धाकट्या बेटांवरून रुग्ण बोटीनं येतो,
घोंगडीत गुंडाळलेला, ओठ एका अंगाला ओघळलेला,
आणि बायको शपथेवर सांगते,
मेंढ्या सोडल्या तेव्हा धडधाकट होता हो.
म्हणजे किती वाजता?
भरती लागायच्या जरा आधी.
म्हणून आमच्या भिंतीवर मेंदूच्या चित्राशेजारी
भरती-ओहोटीचं कोष्टक आहे.
ते डॉक्टरांनी नाही लावलं;
रुग्णवाहिका चालवणाऱ्या रोसामेलनं लावलं,
चार खिळे घरून आणून.

आणि ओरिस्तेला, फरशी पुसणारी,
बैठकीच्या दारात पोछा टेकवून म्हणाली :
तुम्ही माणसाला आधी खाटेवर ठेवता,
मग खाटेवरून उचलून स्कॅनला नेता.
कशाला?
चादर मला बदलावी लागते, म्हणून विचारते.
कुणीच काही बोललं नाही.
मग डॉक्टर इतुआर्तेनं स्वतःची खुर्ची तिला दिली
आणि आपण खिडकीत बसला.
त्या चादरीत आमची अकरा मिनिटं
दुमडून पडली होती.

आता बोट धक्क्याला लागायच्या आत फोन येतो.
मी स्कॅनर तापवून ठेवतो, दार उघडं, किल्ली खिळ्यावर.
पलीकडच्या किनाऱ्यावरची मेंदूतज्ज्ञ
पडद्यावर उगवते, अर्धवट झोपेत,
मागे तिचं मांजर पडदा ओरबाडत असतं.
ती चित्र पाहते. वजन विचारते. हो म्हणते.
कधी नाही म्हणते,
आणि तेव्हा इतकी धावपळ करून आलेले आमचे हात
काय करावं ते न कळून
चादर सारखी करत राहतात.

काळ आला होता, पण वेळ आली नव्हती —
असं सुटलेली माणसं म्हणतात.
आम्हाला ते म्हणवत नाही.
आमच्याकडे वेळ येते ती निळ्या शाईत,
एडेलमिराच्या हातावर,
दोनदा साबण लावूनही न जाणारी.

गेल्या आठवड्यात अडतीस मिनिटं.
म्हातारी उठून बसली आणि पहिलं वाक्य बोलली :
सूपला मीठ नाही.
रोसामेल बाहेर जाऊन रडला. थंडीनं, म्हणे.

पण मला सांगायचंय ते एरिबेर्तो मियालोंकोबद्दल,
त्या एकशे एक्केचाळीसबद्दल.
त्याचे सगळे शब्द गेले, एक उरला : बटाटा.
घड्याळ बटाटा. मुलगी बटाटा. पाऊस, दुखणं, देव,
सगळं बटाटा, फक्त सूर निराळा.
दर गुरुवारी आमच्या सरावाला तो रुग्ण होतो.
आपणहून स्ट्रेचरवर आडवा होतो, घोंगडी ओढून घेतो.
एडेलमिरा विचारते, नाव? महिना कोणता?
तो गंभीरपणे उत्तर देतो
आणि आधी तोच हसतो.
आम्ही ढकलत पळतो. लिफ्टशी पोचलो की
तो माझ्याकडे बघतो.
किल्लीचं त्याला ठाऊक आहे का,
मला विचारता आलेलं नाही,
आणि विचारलं तर उत्तर काय येईल
ते ठाऊकच आहे.

सराव संपला की तो पिशवी उघडतो.
स्वतःच्या वाफ्यातले, जांभळे, बोटांसारखे वाकडे,
अजून माती लागलेले.
प्रत्येकाच्या तळहातावर एकेक ठेवतो
आणि त्याचं नाव सांगतो.
तेवढ्यापुरतं ते बरोबर असतं.