पान दोनशे एक्क्याण्णव

कादंबरीचं नाव सांगत नाही.
वाचली असेल तर ओळखालच,
नसेल तर आता सिनेमा बघून
वाचल्यासारखं बोलाल.

मी ती वाचली एकोणिसाव्या वर्षी,
सहकारनगरच्या वाचनालयातून आणून,
उशीर झाला तर दिवसाला दहा पैसे.
पुढे अप्पा बळवंत चौकात स्वतःची घेतली,
फुटपाथवरून, पुठ्ठा सुटलेली,
पहिल्या पानावर ‘चि. सौ. कां. नलिनी हिस’.
नलिनीनं ती का विकली
यावर माझं एक मत आहे.
माझी बऱ्याच गोष्टींवर मतं आहेत.

उदाहरणार्थ,
पहिल्याच भेटीत नायिकेच्या डोळ्यांबद्दल बोलणारा नायक
मला चाळिसाव्या पानापुढे चालत नाही.
प्रेमपत्र दीड पानाच्या वर गेलं
की ते लिहिणाऱ्यानं स्वतःलाच लिहिलेलं असतं.
आणि भालचंद्र,
मिरजेचा, मोजणी खात्यातला,
तीनशे पानांत एकदाही प्रेम म्हणत नाही.
फक्त कुंदाची रात्रपाळी असली
की दवाखान्याच्या फाटकाशी उतरून
सायकलचा दिवा विझवायला विसरतो.
बस्स. एवढंच.
एवढ्यावर मी एक स्थळ नाकारलं होतं.

सिनेमात त्याला आर्किटेक्ट केला.
मिरजेची पाचगणी केली,
मिरजेत दरी नाही ना.
दिव्याचं काय केलं, विचारू नका.
दिवे होते, हजारभर, तळ्यात सोडलेले,
आणि मधोमध हे दोघं होडीत.
मी शेजारच्या खुर्चीकडे वळून म्हणाले, “होडी?”
उल्हास रडत होता.

हा माणूस स्वारगेट डेपोतून निवृत्त झाला
तेव्हा नारळ घेऊन सरळ घरी आला, जेवला, झोपला.
मध्यंतरात मनात जुळवलेलं माझं भाषण
पॉपकॉर्नच्या रिकाम्या डब्यात गेलं.

कॅम्पातून निघताना
हेल्मेटचा पट्टा लावता लावता त्यानं विचारलं,
“पुस्तकातपण भेटतात का गं शेवटी?”
“छे,” म्हणाले, आणि सांगत सुटले
त्याच्या पाठीला, वाऱ्यावर, अर्धं ऐकू जाईल असं,
बदलीचा कागद, ट्रंक, सकाळची एसटी,
फाटकाशी तो.
स्वारगेटच्या सिग्नलला नव्वद सेकंद मिळाले.
“मग गाडी वळते,” मी म्हणाले,
“आणि वळताना ती मागे बघते. एकदाच.
काचेवर हात ठेवते.”
उल्हास गप्प. मग म्हणाला,
“सरकती काच असणार.”
मागून रिक्षावाल्यानं हॉर्न दिला.

तो खाली स्कूटर लावेपर्यंत
मी वर येऊन पुस्तक काढलं.
ते आपसूक तिथंच उघडतं.
एसटी सुटते.
धूळ.
तिकिटाला चार आणे कमी पडतात,
कुंदा कंडक्टरशी हुज्जत घालते,
कंडक्टर हरतो.
पुढं नवं प्रकरण, दुसरं गाव.
मागे बघणं नाही. हात नाही.
काच तर कुठंच नाही.

समासात पेन्सिलीनं लिहिलंय, ‘बघ ना!’
इतकी वर्षं मी त्याचं खापर नलिनीवर फोडत आले,
हळवी बाई, म्हणूनच विकली असणार.
आज चष्मा पुसून पाहिलं.
ब-ची तिरकी रेघ पोटाबाहेर आलेली.
ज्या रेघेपायी चौथीत बाईंनी
माझी वही अख्ख्या वर्गाला दाखवली होती
तीच.

म्हणजे त्यांनी होडी घातली, मी काच.
तरी होडी वाईटच.
त्या मतात बदल नाही.

खाली इंजिन बंद झालं.
जिना वाजेना, म्हणून खिडकीतून पाहिलं :
उल्हास सोसायटीच्या फाटकाशी उभा, नुसताच,
स्कूटरचा दिवा तसाच चालू.
बॅटरी उतरेल, असं ओरडणार होते.

थोडा वेळ ओरडले नाही.