मधोमध

वाल्पाराइसोच्या एका टेकडीवर
दोन डबे आहेत, एकाच दोराला बांधलेले.
एक उतरला तरच दुसरा चढतो.
लाकडी बाक, पोपडे धरलेली खिडकी,
खाली बंदर, क्रेनच्या लांब माना,
आणि तिकिटाच्या फिरत्या दांड्यापाशी
मफलर विणत बसलेली एदुविना.

नोल्बेर्तो सात दहाच्या डब्याने खाली जातो,
गोदीतल्या पोत्यांचा हिशेब ठेवायला.
त्याच वेळी ती वर येते,
इस्पितळाच्या धुलाईखान्यातली रात्रपाळी संपवून,
बोटं साबणाने सुरकुतलेली,
कपाळ काचेला टेकलेलं.

मधोमध डबे इतक्या जवळून जातात
की आता घासतील, असं रोज वाटतं.
चार सेकंद.
एदुविनाने खालून मोजलेत, सुईवरच्या टाक्यांनी.

पहिल्यांदा तो हसला, ते तिला बघून नव्हेच.
कुणाच्या तरी कुत्र्याला शिंक आली होती
आणि ते हसू चेहऱ्यावर राहून गेलं होतं,
कप उचलल्यावर टेबलावर ओला गोल राहतो तसं.
तिला वाटलं, आपल्यालाच.
तिने परत केलं.
आता परत आलेली वस्तू
मुळात दिलेलीच नव्हती, हे सांगणार कसं, काचेतून?
दुसऱ्या दिवशी त्याला हसावंच लागलं.
तिसऱ्या दिवशी
तो डब्याची उजवी बाजू धरून उभा होता.

हसतील त्याचे दात दिसतील, म्हणतात.
नोल्बेर्तोचे पुढचे तीन नव्हते.
तो ओठ मिटून हसायचा,
जिभेखाली गोळी धरल्यासारखा.
मार्चमध्ये कवळी बसली.
घरी कुणाच्या लक्षात आलं नाही,
मुकादमाने मान वर केली नाही.
काचेपलीकडे तिने मात्र
दोन्ही हात उंचावले,
गोल झाल्यावर मैदानात उंचावतात तसे.

त्या हसण्याने तिचं घरभाडं कमी झालं नाही.
त्याच्या गुडघ्यातली कळ थांबली नाही.
पोती एकदाही आपणहून मोजून उभी राहिली नाहीत.
ठाऊक आहे मला.
तरी सात वाजून नऊ मिनिटांनी
तो कॉलर नीट करतो,
आणि ती कपाळ काचेवरून उचलते,
रात्रभराचं ओझं असलेलं कपाळ.

जूनमध्ये दोर बदलायला काढला.
पाच महिने फाटकाला कुलूप.
गाव पायऱ्यांनी चढू-उतरू लागलं,
जो तो आपापल्या धापेत.
तो पूर्वेकडच्या जिन्याने जायचा,
ती पश्चिमेकडच्या.

एका शनिवारी भाजीबाजारात
कांद्याच्या ढिगापाशी
दोघं अचानक समोरासमोर.
मध्ये काच नाही.
ती इतकी बुटकी असेल, त्याला वाटलं नव्हतं.
त्याच्या अंगाला तागाचा वास असेल, तिला वाटलं नव्हतं.
चार सेकंद संपले.
पाचवा आला,
आणि त्याचं काय करायचं ते दोघांनाही येईना.

“कांदे महागलेत,” तो म्हणाला.
“हो ना,” ती म्हणाली,
आणि दोघंही आपापले कांदे निवडत राहिले,
नको तितका वेळ.

नोव्हेंबरात दोर आला, नवा, तेलाने चकाकणारा.
पहिल्या सकाळी सात दहाला
नोल्बेर्तो डाव्या बाजूला जाऊन बसला.
तिचा आवाज आता त्याला ठाऊक होता,
आणि त्याला वाटत होतं,
ते दोन शब्द ऐकून आपण काहीतरी मोडलंय.
पण डबे सारखे सरकत आले तसा
तो उठला,
बाकाला गुडघा आपटून घेत,
एका बाईच्या टोपलीची माफी मागत,
उजवीकडे.

पलीकडे तिने कोटाच्या खिशातून
एक कांदा काढला
आणि काचेला लावून धरला.

सगळे दात दिसले. बसवलेले तीनही.

खाली आला तेव्हा अजून आवरलं नव्हतं त्याला.
एदुविनाने सुया थांबवल्या.
“काय झालं?”
“कांदा,” तो म्हणाला,
आणि दांडा ढकलून गोदीकडे चालू लागला.