चौदा नंबरचा डबा

घरी सांगितलंय, लंडन.
आईनं ते गिरणीत दळण टाकताना सांगितलं,
गिरणीनं सगळ्या जिंतूरला.

लंडन इथून पाऊण तास आहे,
आणि जाऊन-येऊन तिकीट म्हणजे
माझी आठवड्याची भाजी.
मी राहते ते ईगम,
रेल्वे फाटकाच्या अलीकडची गल्ली,
गल्ली वळून संपते तिथली शेवटची दोन घरं:
आमचं, आणि समोर चौदा नंबर.

इथली शांतता आधी वाटलं, सुट्टीची असेल.
मग कळलं, ती कायमच्या नोकरीत आहे.

पूर्वेचा वारा सुटला की विमानं
आमच्या छपरावरून उतरतात, पोटं दाखवत.
थारुशी चहा ढवळता ढवळता म्हणते, कोलंबो.
चिसोम म्हणते, लागोस.
दोघींनाही माहीत असतं, नसेल.
मी गप्प बसते.
जिंतूरहून विमान येत नाही.

तीन खोल्या, तीन देश, एक कढई,
दारात दोन डबे, काळा आणि निळा.
एका बुधवारी हा, पुढच्या बुधवारी तो.
कुठला कधी, हे नगरपालिकेच्या कॅलेंडरवर आहे
फ्रीजवर चुंबकाखाली.
गेल्या वर्षीच्या.

मी पुरवठा साखळी शिकते.
माल कुठून निघतो, कुठे अडतो, कुठे पोचतो
यावर पंधरा हजार शब्द लिहायचेत सप्टेंबरपर्यंत
आणि आमचा कचरा कधी जातो ते मला ठाऊक नाही.

म्हणून मंगळवारी रात्री,
वृद्धाश्रमातली पाळी संपवून येताना
मी चौदा नंबरकडे बघते.
त्या म्हाताऱ्या बाईंनी जो रंग बाहेर काढलेला असेल
तोच आम्ही काढतो.
काहीच नसेल तर जेवून पुन्हा बघते.

पाच महिने असं सुरळीत चाललं.
त्यांचं नाव माहीत नव्हतं.
दिवा सहाला लागायचा, साडेनऊला मालवायचा,
मध्येच पडदा हलायचा,
मांजर असणार, असं आम्ही तिघींनी ठरवून टाकलं होतं.
आईनं विचारलं, शेजार कसाय गं?
म्हटलं, वक्तशीर आहे.

मग फेब्रुवारीत एका बुधवारी
गाडी आली,
केशरी जाकिटातल्या माणसानं
आमच्या निळ्याकडे पाहिलं, समोरच्या निळ्याकडे पाहिलं,
आणि हात हलवून ड्रायव्हरला सांगितलं, चल.
मी सपाता घालून धावले, केसांना तेल तसंच,
'अहो थांबा' म्हणून ओरडले, चक्क मराठीत.
समोरून त्याही आल्या,
गाऊनवर कोट, कोटाची बटणं एक घर चुकून.
गाडी फाटकाकडे वळली.
वळणापलीकडच्या दारांत सगळे डबे काळे.

उभ्या राहिलो रस्त्याच्या दोन कडांना.

सॉरी, मी म्हटलं, मी तुमचं बघून काढते.
त्या माझ्याकडे बघत राहिल्या,
मग हसू लागल्या, इतक्या
की डब्याला धरून उभं राहावं लागलं त्यांना.
अगं पोरी, मी तुमचं बघून काढते.
तुम्ही शिकलेल्या मुली,
म्हटलं, तुम्हाला माहीत असेल.
तारखा बघायचं काम आर्थरचं होतं,
आर्थर होता तोवर.

मग इतके दिवस
आधी कोण काढत होतं?
दोघींनाही सांगता आलं नाही.
नाव विनिफ्रेड.
मांजर नाही.

आज मंगळवार. कॅलेंडर नवं आणायचं राहिलंच.
साडेनऊ वाजून गेलेत
आणि चौदा नंबरचा दिवा अजून चालू आहे.
मी आमचा घालवून खिडकीशी उभी आहे,
समोर पडदा बोटभर सरकलेला.
दोन्ही दारांत डबे भिंतीला टेकून,
काळा, निळा, काळा, निळा.

कुणीच हलत नाही.
मग पडद्याच्या फटीतून एक हात वर येतो,
आधी तू.