मधली पट्टी

ऑर्हुसहून मी फोनवर, रात्रपाळीच्या मधल्या सुट्टीत,
आणि रान्वामावशी सांदोय बेटावर, स्वयंपाकघरात,
संगणक ब्रेडच्या डब्याला टेकलेला.
"सी लाल झालाय," ती म्हणते, "ताप चढल्यासारखा."
मी म्हणतो, पडद्यावर काय आहे ते वाच.
ती वाचत नाही. सांगते,
खिडकीतून डोंगर सांगावा तशी:
"एक लांब निळी पट्टी. तिच्यापुढे
बोटभर दुसरी. मग काळं. बरंच काळं."

काळं म्हणजे कुणाच्याच नावावर नसलेलं,
तुम्मासनं नवी डिस्क बसवली तेव्हापासून पडीक.
निळीवर उजवं बटण दाब. 'वाढवा' असं काही दिसतं?
"दिसतं. पण फिकट. दाबलं तरी ढिम्म."

इथे मी अडखळतो.
आठ वर्षं मी हेच करतो, लोकांना सांगतो, सोपं आहे.
वाढायला जागा शेजारचीच लागते, मावशी,
पलीकडची चालत नाही.
मधे ती बोटभर पट्टी आहे ना,
जिला नाव नाही, अक्षर नाही,
ती यंत्रानं स्वतःसाठी राखलीय,
सगळं कोसळलंच तर पुन्हा उभं राहायला.
काढता येईल. पण

"नको," ती मधेच म्हणते.
"आपल्या आणि यागुपच्या कुरणामधे
असाच एक तुकडा आहे, दगडी भिंत वाकते तिथे.
तिथे कुणी चारत नाही.
आजारी, अडलेली मेंढी तिथे आणून ठेवतात.
माझ्या बापानं त्या भिंतीला हात लावू दिला नाही,
आणि त्याला तर संगणक माहीतही नव्हता."

भिंत राहते.
काळ्याला आम्ही वेगळं अक्षर देतो.
तिला डी नको, ई नको. "हागीचा एच," ती म्हणते.
हागी म्हणजे गावाबाहेरचं, वरचं कुरण.
काळी पट्टी निळी होते.

आणि मग खरं काम निघतं, फोन ठेवता ठेवता.
"यादी हवीय. कानांची."
ऑक्टोबरात मेंढ्या खाली उतरवल्या तेव्हा
एक करडी निघाली, कानांवर आपल्याच खाचा,
आणि यागुप म्हणतो, माझी.
तुम्मासनं सगळं लिहून ठेवलं होतं. कुठे?
"आत."

तुम्मास एका बोटानं टाइप करायचा
आणि प्रत्येक फाइलचं बारसं एकाच नावानं:
नवीन. नवीन २. नवीन खरी.
'कान' टाकून शोधते. काही नाही.
शोध फक्त खानेसुमारी झालेल्या घरांत डोकावतो,
बाकीच्यांची दारं ठोठावायला वेगळं सांगावं लागतं.
सांगतो. नावांत नको, मजकुरात बघ म्हणावं.
वर एक हिरवी रेघ सरकायला लागते.
"गोगलगाय," ती म्हणते आणि फोन टेबलावर ठेवून जाते.
मला किटली ऐकू येते. दार. वारा आत येऊन गेलेला.
तिची खुर्ची अजून तशीच करकरते.

अकरा मिनिटांनी: "नवीन खरी ४."
ती मोठ्यानं वाचते, त्याच्या चुकांसकट:
करडी, डावा कान शेंड्याला छाटलेला.
यागुपला दिली. बदल्यात बोटीचं इंजिन. जुनं.

बराच वेळ कुणीच बोलत नाही.
"कान आपले, मेंढी त्याची," ती म्हणते.
"चार वर्षं मी त्या इंजिनाला शिव्या देतेय.
मला म्हणाला होता, लॉटरीत लागलं."
आणि हसते, हसता हसता खोकते,
गेल्या फेब्रुवारीनंतर पहिल्यांदाच इतकी.

माझी सुट्टी संपत आलीय.
मावशी, आता ते धुक्याचे फोटो एचमधे हलव,
सी अजून लालच आहे.
"आज नको. एक हिवाळा मोकळी राहू दे.
गवत धरू दे जरा."
मावशी, ते तसं नसतं.
"माहितेय रे," ती म्हणते. "बंद कुठून करायचं?"